रोममध्ये हॉस्टेलवर राहताना: आरक्षणापासून निघण्याच्या पहाटेपर्यंत

रोममध्ये एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात शहराच्या मध्यभागातील साध्या हॉटेलातली दोघांची खोलीही रात्रीला १०० ते १५० युरोंच्या खाली सहसा मिळत नाही. एकट्याने फिरणाऱ्याला हा खर्च आठवडाभर पेलणे कठीण जाते, आणि म्हणून हॉस्टेलचा विचार पुढे येतो. तेथे सहसा स्वतंत्र खोली मिळत नाही. चार, सहा, आठ किंवा त्याहून अधिक जणांच्या सामायिक खोलीतली एक खाट मिळते आणि न्हाणीघर व बैठकीची जागा सर्वांची असते. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच, की येथे शेजारी दर एक-दोन दिवसांनी बदलतात. हंगामाबाहेर, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, अशी खाट २५-३० युरोंना मिळू शकते. ऐन हंगामात तिच्यासाठी ५० युरो किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. मात्र आरक्षणाच्या पानावर दिसणारा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. शहराचा कर, टॉवेलचे भाडे, कुलूप, सामान ठेवण्याचे शुल्क, नाश्ता आणि रोजचे बस-मेट्रोचे तिकीट हे सर्व मिळवल्याशिवाय दोन हॉस्टेलांची तुलना करता येत नाही, आणि ती केली की सर्वांत स्वस्त वाटणारी जागा बरेचदा तशी राहत नाही.

आरक्षण आणि व्हिसा

महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत हॉस्टेलची निवड व्हिसाच्या अर्जाबरोबरच करावी लागते. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे इटलीसह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामायिक व्हिसाच्या, अर्जाला निवासाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा जोडणे आवश्यक असते. हॉस्टेलचे आरक्षणपत्र निवासाचा पुरावा म्हणून चालते, परंतु त्यावरचे नाव पासपोर्टवरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते, आणि तेवढ्या फरकावरून अर्जाच्या खिडकीवर प्रश्न निघू शकतात. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे. परतावा नसलेला दर थोडा स्वस्त असतो, पण व्हिसा उशिरा आला किंवा नाकारला गेला तर ती बचत अंगाशी येते.

खोली किती जणांची घ्यावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर सहा जणांपेक्षा मोठी खोली घेऊ नये. बारा खाटांच्या खोलीत कोणी ना कोणी रात्री दोनला येते, कोणी पहाटे चारला विमानासाठी उठते आणि या दोघांच्या मध्ये झोपेचे तुकडे होतात. बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत केवळ स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या असतात. त्या हव्या असल्यास आरक्षण करतानाच तो पर्याय निवडावा, कारण नुसती ‘खाट’ निवडली तर ती मिश्र खोलीतली असण्याचीच शक्यता अधिक. वयाची अटही नीट वाचावी. काही हॉस्टेले सामायिक खोलीत चाळिशीच्या पुढच्या प्रवाशांना घेत नाहीत, आणि अठरा वर्षांखालील मुलांना अनेक ठिकाणी सामायिक खोलीत प्रवेश नसतो. मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाने हॉस्टेलमधीलच चार खाटांची संपूर्ण खोली घ्यावी.

छायाचित्रांपेक्षा अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतील अभिप्राय अधिक उपयोगी पडतात. त्यांत गरम पाणी, ढेकूण, लिफ्ट आणि रात्रीचा आवाज या चार गोष्टींबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि जुन्या इमारतींच्या जाड भिंती दिवसभराची उष्णता रात्री आत सोडत राहतात. म्हणून वातानुकूलन आहे का, ते रात्रभर चालू असते का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारून घ्यावे. आणखी एक तपासणी सोपी आणि महत्त्वाची आहे. २०२५ पासून इटलीत पर्यटकांना राहण्यासाठी जागा देणाऱ्या प्रत्येकाला राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो जाहिरातीत छापणे व इमारतीच्या बाहेर लावणे बंधनकारक आहे. सीआयएन या तीन अक्षरांनी ओळखला जाणारा हा क्रमांक जाहिरातीत नसेल, तर ती जागा कितीही सुंदर दिसत असली तरी सोडून द्यावी.

कोणता भाग निवडावा

रोममधील बहुसंख्य स्वस्त हॉस्टेले तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकाच्या अवतीभवती आहेत. ‘स्थानकाजवळ’ एवढ्या वर्णनावर मात्र विसंबू नये, कारण स्थानकाच्या दोन बाजूंचा स्वभाव वेगळा आहे. फलाट क्रमांक १ च्या बाजूला विया मार्साला हा रस्ता आहे, आणि त्याच्या पलीकडे विया मार्गेरा, विया पालेस्त्रो यांसारख्या सरळ, आखीव गल्ल्यांचा कास्त्रो प्रेतोरियो हा भाग लागतो. फलाट क्रमांक २४ च्या बाजूला विया जोलित्ती आणि त्यापुढे एस्क्विलिनो हा भाग आहे. तेथे अनेक देशांतून आलेल्या लोकांची वस्ती आणि दुकाने आहेत. दोन्हीकडे राहता येते. रात्री उशिरा एकट्याने परतावे लागणार असेल तर मी कास्त्रो प्रेतोरियोची बाजू निवडेन, कारण विया जोलित्तीचा स्थानकाला लागून असलेला लांबलचक पट्टा रात्री अगदी ओसाड होतो. स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्याला मात्र एस्क्विलिनो अधिक सोयीचे; त्याचे कारण पुढे येईल.

तेर्मिनीचा खरा फायदा वाहतुकीचा आहे. मेट्रोच्या ए आणि बी या दोन मार्गिका येथे एकमेकींना छेदतात, कोलोसियम बी मार्गिकेवर दोन स्थानकांवर आहे, आणि व्हॅटिकनसाठी ए मार्गिकेने ओत्ताव्यानोला उतरता येते. शहरी वाहतुकीचे साधे तिकीट १.५० युरोचे असून ते १०० मिनिटे चालते. त्या वेळात बस कितीही बदलता येतात, मेट्रोचा प्रवास मात्र एकदाच करता येतो. मेट्रो आठवड्याच्या इतर दिवशी रात्री साडेअकराच्या सुमारास बंद होते, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत चालते. त्यामुळे शहराच्या कडेला दहा युरोंनी स्वस्त मिळणारी खाट घेण्यापूर्वी रात्री परत कसे यायचे, याचा हिशेब करावा. त्रास्तेवेरे पाहायला रमणीय असले तरी तेथे मेट्रो नाही, आणि सापिएन्झा विद्यापीठाला लागून असलेला सान लोरेंझो हा विद्यार्थ्यांचा भाग मध्यरात्रीनंतरही जागा असतो. व्हॅटिकनजवळच्या प्रातीत शांतता आहे, पण हॉस्टेले फार थोडी.

विमानतळापासून दारापर्यंत

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्डो एक्स्प्रेस ही गाडी थेट तेर्मिनीला ३२ मिनिटांत पोहोचते. तिचे भाडे १४ युरो आहे. एफएल १ ही लोकल ८ युरोंना मिळते, पण ती तेर्मिनीला जात नाही. ती त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिना या स्थानकांवरून जाते, आणि ओस्तिएन्से किंवा तिबुर्तिनाला उतरून मेट्रोच्या बी मार्गिकेने तेर्मिनी गाठावे लागते. सामान थोडे असेल तर हा मार्ग वाईट नाही. विमानतळावरून तेर्मिनीला येणाऱ्या खासगी बसगाड्या सर्वांत स्वस्त पडतात, मात्र वाहतूक कोंडीत त्यांना तासाहून अधिक वेळ लागू शकतो. लोकलचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा. तिकीट विकत घेतलेले असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.

लिओनार्डो एक्स्प्रेस साधारणपणे २३ किंवा २४ क्रमांकाच्या फलाटावर, म्हणजे विया जोलित्तीच्या बाजूला येते. हॉस्टेल कास्त्रो प्रेतोरियोत असेल तर स्थानकाची पूर्ण रुंदी ओलांडून विया मार्सालाच्या दारातून बाहेर पडावे. तिकीट यंत्रांपाशी मदत करायला पुढे येणाऱ्या किंवा न विचारता बॅग उचलणाऱ्या माणसाला नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

हॉस्टेलचे दार सापडणे हे नवख्याला वाटते त्यापेक्षा अवघड असते. रोममधील अनेक लहान हॉस्टेले संपूर्ण इमारतीत नसून जुन्या निवासी इमारतीच्या एखाद्या मजल्यावर असतात. रस्त्यावर दिसते ते फक्त एक अवजड लाकडी दार आणि त्याच्या बाजूला वीस-पंचवीस घरांच्या नावांची बटणे. आत अंगण असते, अंगणातून दोन-तीन वेगवेगळे जिने वर जातात, आणि लिफ्ट असलीच तर तिच्यात एक माणूस व एक बॅग जेमतेम मावते. म्हणून आरक्षण झाल्यावर हॉस्टेलकडून रस्त्याचे नाव आणि घर क्रमांकाबरोबरच जिना, मजला आणि दारावरच्या बटणाशेजारी लिहिलेले नाव या तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवाव्यात. मोबाइलचे नेट त्याच क्षणी चालू असेल याचा भरवसा नसतो. रात्री दहानंतर पोहोचणार असाल तर स्वागतकक्ष उघडा राहणार आहे का, की दाराचा सांकेतिक क्रमांक आधी पाठवला जाणार आहे, हेही पक्के करावे.

पासपोर्ट आणि शहराचा कर

स्वागतकक्षात मूळ पासपोर्ट मागितला जातो आणि तो दाखवावाच लागतो. झेरॉक्स किंवा मोबाइलवरील छायाचित्र चालत नाही. इटलीच्या १९३१ सालच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यान्वये पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे निवासस्थान चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे पासपोर्टची नोंद होऊ द्यावी आणि तो लगेच परत घ्यावा. किल्लीची अनामत म्हणून तो ठेवून घेण्याची मागणी झाली तर रोख अनामत देण्याची तयारी दाखवावी. या नोंदीचा प्रवाशालाही उपयोग आहे. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे, म्हणजे दुसऱ्या शेंगेन देशात प्रवेश करून इटलीत येणाऱ्या परदेशी पाहुण्याने आठ दिवसांच्या आत आपली उपस्थिती पोलिसांकडे नोंदवायची असते, आणि हॉटेल-हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याच्या बाबतीत त्या निवासाची नोंदच त्यासाठी ग्राह्य धरली जाते. तिची प्रत मागून घेऊन पासपोर्टसोबत ठेवणे शहाणपणाचे आहे.

शहराचा पर्यटक कर दर माणशी, दर रात्री आकारला जातो आणि तो बहुधा आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो. रोममध्ये तो सलग दहा रात्रींपर्यंतच लागतो, आणि दहा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. दर निवासाच्या प्रकारानुसार बदलतो; खाटेच्या भाड्यावर रोज काही युरो अधिक धरून चालावे. अनेक ठिकाणी हा कर रोखीने मागतात, म्हणून सुटे युरो जवळ असावेत आणि पावती अवश्य घ्यावी.

खोलीत

खोलीत शिरल्यावर बॅग खाटेवर टाकण्यापूर्वी गादीच्या शिवणी आणि खाटेचे कोपरे मोबाइलच्या उजेडात पाहून घ्यावेत. काळे ठिपके किंवा ढेकूण दिसले तर दुसरी खाट नव्हे, दुसरी खोली मागावी. निवड करता येत असेल तर खालची खाट घ्यावी, पण दाराजवळची किंवा न्हाणीघराला लागून असलेली घेऊ नये.

सामानासाठी लोखंडी लॉकर असतो. कुलूप मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःचे लागते. घरून मध्यम आकाराचे कुलूप न्यावे, कारण आपल्याकडच्या जाड कडीच्या कुलपांची कडी तेथील लॉकरच्या भोकात नेहमीच जात नाही. पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड आणि राखीव रोकड रात्री उशीखाली न ठेवता लॉकरमध्ये ठेवावी. वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे आपली उपकरणे चालतात. सॉकेट मात्र वेगळे असते. इटलीत तीन गोल पिना एका रेषेत असलेला प्रकार सर्रास आढळतो. आपला मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर त्यात बहुधा बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा जाड प्लग बसत नाही. एक अडॅप्टर पुरेसा होतो.

सामायिक खोलीतील शिष्टाचाराचे नियम भिंतीवर लिहिलेले असोत वा नसोत, ते सगळीकडे सारखेच असतात. पहाटे निघायचे असेल तर बॅग आदल्या रात्री भरून ठेवावी. काळोखात प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळवणाऱ्या माणसाइतका राग हॉस्टेलमध्ये कोणाचाच येत नाही. घरी व्हिडिओ कॉल करायचा असल्यास बैठकीच्या खोलीत जावे. उन्हाळी वेळेत रोम भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे घरच्यांचा सकाळी आठचा फोन रोममध्ये पहाटे वाजतो. मोबाइल मूक ठेवून झोपावे. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी या दोन वस्तू, माझ्या मते, अंगावरच्या जादा जाकिटापेक्षा अधिक आवश्यक आहेत.

न्हाणीघरासाठी रबरी चप्पल, पटकन वाळणारा पंचा आणि कपडे टांगण्यासाठी कापडी पिशवी न्यावी. पंचा या बाबतीत जाड टॉवेलपेक्षा कितीतरी सरस ठरतो. एक नाजूक प्रश्न आपल्याकडचे प्रवासी सहसा विचारत नाहीत, म्हणून येथेच सांगतो. इटलीत १९७५ च्या एका शासकीय आदेशानुसार घरातील किमान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचे नळ असलेले बसके भांडे, असणे आवश्यक आहे, त्यामुळे घरगुती निवासांत पाण्याची सोय असते. हॉस्टेलच्या सामायिक शौचालयांत मात्र ती अनेकदा नसते. घडी होणारी छोटी बाटली बॅगेत असली की हा प्रश्न मिटतो.

खाणे-पिणे

खर्चाची खरी बचत खाण्यात होते. त्यामुळे हॉस्टेलला स्वयंपाकघर आहे का, हा आरक्षणापूर्वीचा महत्त्वाचा प्रश्न आहे. रोममधील अनेक हॉस्टेलांत शेगडी नसते, केवळ मायक्रोवेव्ह आणि किटली असते. स्वयंपाकघर असेल तर पियाझा वित्तोरियोजवळचा एस्क्विलिनोचा छताखालचा बाजार पाहावा. तेथे बांगलादेशी आणि इतर विक्रेत्यांकडे हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी, डाळी, तांदूळ आणि मसाले मिळतात. बाजार सकाळी भरतो, दुपारनंतर ओसरतो आणि रविवारी बंद असतो. फोडणी जपून द्यावी. मोहरी-हिंगाचा धूर कमी उंचीच्या स्वयंपाकघरात धुराची घंटा वाजवायला पुरेसा होतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यावर नाव आणि निघण्याची तारीख लिहावी, नाहीतर सफाईच्या दिवशी तो टाकून दिला जातो.

घरून खाऊ नेताना लक्षात ठेवावे, की युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तूप, पनीर आणि खवा त्यात येतात. बहुतेक ताजी फळे-भाजी आणि कढीपत्ता यांचीही विनाप्रमाणपत्र ने-आण करता येत नाही. चिवडा, चकल्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पाण्यात तयार होणारे पोहे-उपम्याचे पाकीट खुशाल न्यावे.

बाहेर खाताना वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा सर्वांत स्वस्त आणि पोटभरीचा असतो. हवा तेवढा तुकडा हाताने दाखवून कापून घेता येतो. शाकाहारी माणसाने सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा विचारूनच घ्यावा, कारण पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. पेकोरिनो रोमानो आणि पार्मिजानो ही चीज तयार करताना प्राण्यांच्या जठरातील रेनेट वापरले जाते, त्यामुळे कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्याने काचो ए पेपे हा पेकोरिनो घातलेला, दिसायला निरुपद्रवी पास्ताही टाळावा. कॉफी उभ्यानेच, काउंटरपाशी प्यावी. टेबलावर बसले की तिचीच किंमत वाढते. पाण्यावर मात्र पैसे घालवू नयेत. १८७४ पासून रोममध्ये बसवण्यात आलेले ‘नासोनी’ हे लोखंडी सार्वजनिक नळ आजही सुमारे अडीच हजारांच्या संख्येने रस्तोरस्ती वाहत असतात, आणि त्यांचे पाणी पिण्यायोग्य व गार असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि न वाकता पाणी पिता येते.

सुरक्षितता

रोममधील खरा धोका खिसेकापूंचा आहे, आणि तो हॉस्टेलपेक्षा मेट्रोच्या ए मार्गिकेवर आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये अधिक असतो. पाठीवरची बॅग पुढे घ्यावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावासात जावे. तो विया व्हेंती सेत्तेम्ब्रे या रस्त्यावर ५ क्रमांकाच्या इमारतीत, तेर्मिनीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे.

निघताना

खोली सकाळी दहा किंवा अकरापर्यंत सोडावी लागते. विमान संध्याकाळचे असेल तर बॅग हॉस्टेलमध्ये ठेवता येते. काही ठिकाणी ही सोय मोफत असते, काही ठिकाणी लॉकरचे तासावर पैसे लागतात, आणि तेर्मिनीतही सशुल्क सामानघर आहे. त्या दिवशी वाहतूक संप नाही ना, हे आदल्या दिवशी स्वागतकक्षात विचारावे. इटलीत असे संप आधी जाहीर होतात आणि बरेचदा शुक्रवारी असतात. रोमच्या शहरी बस-मेट्रो अशा दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत सहसा चालू ठेवल्या जातात.

पहाटेच्या विमानाची गोष्ट वेगळी. लिओनार्डो एक्स्प्रेस रात्रभर चालत नाही, आणि रात्रीच्या बसची वाट पाहत तेर्मिनीबाहेर सामानासह उभे राहणे सुखाचे नसते. जुन्या तटबंदीच्या आतील भागातून, म्हणजे तेर्मिनीच्या परिसरातूनही, फ्युमिचिनोपर्यंत शहराच्या अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचे भाडे ५५ युरो असे ठरवून दिलेले आहे, आणि ते माणशी नसून सामानासह संपूर्ण टॅक्सीचे आहे. चौघांनी मिळून टॅक्सी केली तर माणशी १४ युरोंहूनही किंचित कमी पडतात. म्हणून आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत त्याच सुमारास निघणारे आणखी कोणी आहे का, हे विचारून घ्यावे आणि टॅक्सी स्वागतकक्षातूनच मागवून ठेवावी.